आमचा नायक मरायला तयार होईना

मला कावीळ झाली आणि वीज केंद्राच्या ऊर्जानगरातल्या क्वार्टरमध्ये महिनाभर उसाच्या रसावर पडून राहायची पाळी आली. वेळ जाईना म्हणून मोबाइलवर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली पुराणं वाचायला घेतली. त्यातल्या एका देखण्या देवाच्या आईनं आग, पाणी, लोखंड, दगड, साप, रोगराई, सगळ्यांकडून वचन घेतलेलं असतं, की माझ्या लेकराला लागायचं नाही. मग बाकीचे देव मजा म्हणून त्याच्यावर भाले फेकतात आणि त्याला ओरखडाही येत नाही. फक्त एका बांडगुळाला विचारायचं राहतं, ते लहान म्हणून. त्याच बांडगुळानं तो मरतो. वाचून मी ढसाढसा रडलो, तर बायकोनं विचारलं, डॉक्टरला फोन लावू का.

यावर झाडीपट्टीचं नाटक करायचं मी त्याच दिवशी ठरवलं. आमच्या धानोऱ्याकडच्या या जंगलपट्टीत गावोगाव हिवाळाभर नाटकं होतात, आणि आपलं एखादं नाटक तिथल्या नाटक मंडळीनं घ्यावं ही माझी तरुणपणापासूनची हौस. पन्नाशी उलटली होती आणि दोन नाटकं साभार परत आली होती. हे तिसरंही परत आलं तर पेन ठेवून भाजी निवडत बसायचं, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं.

देवाचा राजपुत्र केला आणि भाल्यांच्या जागी चपला, मुसळं, पाटे-वरवंटे आणले. शेजारच्या मुलखातल्या एका गाथेत अजगराच्या रक्तात न्हाऊन अभेद्य झालेला आणखी एक वीर आहे. पाठीवर पान चिकटलं, तेवढीच त्याची जागा कच्ची राहिली. तोही घालणार होतो, पण ते कपडे धुणार कोण, असं नायकानं विचारलं.

नायक म्हणजे आमच्या गावचा, घुग्घुसला कोळशाचा ट्रक चालवणारा गडी. त्याचा ट्रक दोनदा उलटला होता आणि दोन्ही वेळा हा केस सारखे करत बाहेर आला होता. याच्या अंगात काहीतरी आहे, असं गाव म्हणायचं. त्याची आई गावच्या तलावातले मासे विकते. तिचं म्हणणं, पोराच्या अंगात काही नाही, आपण त्याच्यासाठी मागून घेतलं आहे. आमच्याकडे घरासाठी फांदी तोडायची तरी आधी झाडाला हळदकुंकू लावून मागून घेतात. या बाईनं तो रिवाज बसमध्ये घालून घुग्घुसला नेला. ट्रकच्या सगळ्या चाकांना, वळणावरच्या दगडाला आणि वजनकाट्यालाही हळदकुंकू लावून, पोराला लागू नका, असं सांगून आली. काट्यावरचा माणूस रागावला, तर त्यालाही टिळा लावला.

हे ऐकून मी हरखलो. बर्फाळ मुलखातली देवी आमच्याच गावात जाळं विणत बसली होती. तालमींसाठी मी बायकोसह गावी येऊन राहिलो होतो, नायकही सुट्टी घेऊन आला होता. तालमीत मी यावर अर्धा तास भाषण दिलं. सगळ्यांनी ते चहाच्या आशेवर शांतपणे ऐकलं. ती बाई रोज कोपऱ्यात बसायची. तिनं एकदाच विचारलं, बांडगूळ आंब्यावरचं की मोहावरचं? मी म्हटलं, कोणतंही चालेल. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, हा माझा गाढवपणा.

मंडळीचे मॅनेजर रात्री प्रयोगांत अडकलेले, म्हणून भर दुपारी शाळेच्या पटांगणात त्यांना नाटक दाखवायचं ठरलं. चपलाफेकीचा प्रवेश इतका रंगला, की प्रेक्षकांनीही पायातल्या काढून फेकल्या. मग ज्याची त्याला मिळेपर्यंत नाटक थांबलं. शेवटी खलनायकानं बांडगुळाचा बाण मारला. तो छातीवर बरोबर लागला, पण राजपुत्र उभाच. दुसरा बाण मारला, तरी उभा. मी पडद्याआडून मर, मर म्हणून घसा कोरडा केला. तेव्हा तो माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, मरता नाई येत. मायनं सकाळीच बांडगुळाले मांगून घेतलं."

पहाटेपासून शिवारातल्या आंब्या-मोहांच्या खाली उभी राहून तिनं एकेका बांडगुळाला हात जोडले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खलनायक धनुष्य खाली ठेवून चपला घालायला लागला.

मॅनेजर हसून हसून बेजार झाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, नाटक घेतो, याच हंगामात लावतो, पण लोक रडायला येतात. दुसरा माणूस घ्या आणि नायक नीट मारा, उद्यापर्यंत कळवा. तीस वर्षं ज्या होकाराची वाट पाहिली, तो मिळाला होता.

मी तावातावानं तिच्या घरी गेलो. ती मासे साफ करत होती. नाटकात कुणी खरं मरत नाही, आता नायकही तुमचा पोरगा नाही, तेव्हा तुमचं ते मागणं मागे घ्या, नाहीतर गाव नव्या नायकालाही मरू देणार नाही, असं मी तिला ऐकवलं. माशावरचा हात न काढता ती म्हणाली,

"भाऊ, ती देवाची माय बांडगुळाले मांगाले इसरली, म्हणून तिचा पोरगा गेला. मले तं तुमी आधीच सांगतलं. मंग मी काऊन बसून राहू?"

तिनं माशाचे खवले झटकले.

"अन् तुमचं बी नाव घेतलं मी. तुमची माय नाई न आता. तुमच्यासाठी कोण मांगन?"

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी तिच्या ओसरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती मासे कापत राहिली. जाताना तिनं दोन मासे बांधून दिले.

घरी येऊन मॅनेजरांना फोन लावला. म्हटलं, आमचा नायक मरणार नाही, कुणीही केला तरी मरणार नाही. मग नाटक घेता येणार नाही, असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, भाजी कोणती निवडायची आहे.