मागच्या शहराची चव

सॉल्ट लेकमधले आमचे शेजारी बँकेत अधिकारी आहेत. बदल्या होत राहतात, आणि त्यांचं आवडतं शहर नेहमी मागचंच असतं. रोज सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जायचो. सगळे मातीच्या कुल्हडातून प्यायचे; हे घरून स्टीलचा पेला आणायचे. "मातीचा वास येतो हो," म्हणायचे आणि इंदूरच्या पोह्यांचे गोडवे गायचे. वहिनी सांगतात, इंदुरात असताना ते पोह्यांवरची शेव चमच्याने बाजूला सारत आणि जयपूरच्या कचोरीसाठी हळहळत.

यंदा बदली भुवनेश्वरला झाली. तिथल्या लोकांची मला आत्ताच दया येते. निघायच्या दिवशी त्यांनी टपरीवाल्याकडून डझनभर कोरे कुल्हड मागून घेतले आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळू लागले.

"शहराचा खरा आनंद अशा छोट्या गोष्टींत असतो," ते मला म्हणाले. "या मातीचा वास तिकडे कुठे मिळणार?"

मी म्हटलं, "मग आज तरी यातून पिऊन बघा."

"आज नको हो, प्रवासात पोट बिघडायचं," म्हणत त्यांनी चहावाल्यापुढे स्टीलचा पेला धरला.