एका खोलीतलं वर्ष

सहा आठवड्यांपूर्वी दुबईहून ईशाचा फोन आला. "अंकल, बाबा गेले." तिचे बाबा, विनय, माझा ऑफिसातला जुना सहकारी आणि पंचवीस वर्षांचा मित्र. बांधकामाची वेळापत्रकं आखणं हे त्याचं काम. वय एकसष्ट, हृदयविकाराचा झटका...

तेजीच्या काळात जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात उशिरापर्यंत बसणं ही निष्ठेची खूण मानली जाई. विनय पहाटे सहाला साइटवर असे आणि पाचला घरी निघे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मीटिंग लावली तर यायचा नाही. स्लॅब भरायचा असेल तर न बोलावता हजर. "काँक्रीट थांबत नाही रे, मीटिंग थांबते," म्हणायचा. आम्ही त्याला 'सरकारी नोकर' म्हणून चिडवत असू. त्याचं वेळापत्रक चुकल्याचं मात्र मला आठवत नाही.

मग २००८ची मंदी आली. निम्मा मजला रिकामा झाला. उरलेल्यांना मॅनेजरने सांगितलं : फॅमिली परत पाठवा, शेअरिंगच्या खोलीत राहा, दूरची साइट घ्या, नोकरी टिकेल. नाही तर खलास. मी महिन्याभरात बायको-मुलाला पुण्याला पाठवलं. विनयची बायको माधवीही तयार होती. "वर्षभराचाच तर प्रश्न आहे. उगाच हट्ट करू नकोस," ती त्याला म्हणाली.

आमचे फोरमन सावंत रत्नागिरीकडचे, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहणारे. आठवडाभराने विनयने त्यांना विचारलं, "सावंत, घर सोडून राहायला जमतं कसं?"

"जमतंय कसलं, साहेब! मी पण वर्षभर म्हणूनच आलो होतो. बारा झाली. गेल्या गणपतीत दारात उभा राहिलो, तर पोरगी आत जाऊन आईला सांगते, पाव्हणे आलेत."

मी हसलो. विनय हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला आणि शारजातल्या एका लहान कंत्राटदाराकडे कमी पगारावर, दोन पायऱ्या खालच्या हुद्द्यावर रुजू झाला. फ्लॅट सोडून तिघं एका खोलीत आले. माधवीने शिकवण्या धरल्या. ती वर्षभर त्याच्यावर चिडून होती, हे तिनेच मला सांगितलं. विनय पुन्हा वरच्या पदावर कधी पोचला नाही. माझ्या 'वर्षभराची' मात्र सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मी अबू धाबीहून त्यांच्याकडे गेलो. माधवीने जुने फोटो काढले होते. एकात तीन गाद्या शेजारी शेजारी, मधे आठ वर्षांची ईशा, आणि भिंतीला टेकून तिच्या वह्यांना कव्हरं घालणारा विनय.

"ओह, दॅट रूम!" ईशा म्हणाली. "आय लव्ह्ड दॅट रूम."

"वाईट दिवस होते ते," मी म्हणालो.

ईशाने विचारलं, "बॅड डेज? व्हाय?"

"तिला कुठे माहितीये," माधवी म्हणाली. "ह्याने तिला सांगितलं होतं, आपण कॅम्पिंग करतोय."

मग तो फोटो माधवीने अल्बममध्ये परत ठेवला नाही. जेवणाच्या टेबलावर, भिंतीला टेकवून उभा केला.