एक कधीतरी पडतोच

रविवारी दुपारी मारुंजीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळायचो. माझ्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी, मी आणि चाकणच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करणारा माझा धाकटा भाऊ. गोष्ट मी सांगायची, राक्षस मी सोडायचे, बाकीच्यांनी आपापल्या पात्राचा जीव सांभाळायचा. काही धाडस करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला की घाव आपल्यालाच. घाव केवढा, ते साधे दोन फासे ठरवतात. त्यांची बेरीज बहुतेकदा सातच्या आसपास येते, बारा क्वचित.

भाऊ तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा. दार फोडायचं म्हटलं की हा किल्ली शोधत बसणार. मैत्रिणी वैतागायच्या. "अरे टाक ना! विसात एकदाच पडतो एक."

"एकदा टाकला तर," तो म्हणायचा. "दिवसभर टाकत बसलं तर पडणारच की, ताई."

एवढं कळत होतं त्याला. म्हणूनच मला अजून संताप येतो.

त्याच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहूच नयेत. पण तसं करून टार्गेट पुरं होत नाही. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची आणि मोकळ्या हातानं पत्रा सारायचा. तिथं सगळेच ठोकतात. सुपरवायझर बघतो आणि मान वळवतो. नवा माणूस आला की जुने त्याला आधी पाचर तासायला शिकवतात. खेळात दाराला घाबरणारा माझा भाऊ शिफ्टभर, प्रेसच्या दर ठोक्याला, तोच फासा टाकत होता.

एक पडला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

टाके निघाल्यावर तो पुन्हा खेळायला आला. डाव्या हातानं टाकलेला फासा पलंगाखाली गेला. एक मैत्रीण उठली तर ओरडला, "मी आणतो!" त्या डावात त्याच्या पात्राला जबर घाव बसला. मैत्रीण सवयीनं म्हणाली, "झोप काढ. सकाळी सगळे पॉइंट परत." खेळात नियमच आहे तसा, रात्रभर झोपलं की माणूस धडधाकट. बोलून गेल्यावर तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, हा नियम आजपासून बंद.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "कुठंतरी असू दे की."

मला रडू आवरेना. विषय बदलायचा म्हणून विचारलं, कंपनीतून कुणाचा फोन येतो का.

"येतो. माझ्या प्रेसवर नवा माणूस घेतलाय."

"आणि पाचर?"

"माझीच वापरतोय. चांगली बसते म्हणाला."