जनीच्या मनीऑर्डरीचं जाळं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बोंबील वाळत घालणं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूवर टांगायचे. कावळा आला. माझी बायको जनी त्याला हाकलायला ओरडली, तर तोंडातून रक्त आलं. गालाच्या आतली जखम तिने सबंध पावसाळा लपवली होती.

पालघरच्या डॉक्टरांनी बायोप्सी केली. म्हणजे जखमेचा बारीक तुकडा कापून तपासायला पाठवतात. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. तुम्ही मशेरी लावायचात ना? मुंबईला जाऊन रेडिएशन घ्या. उशीर करू नका." रेडिएशन म्हणजे यंत्राचा शेक. शेक फुकट होता, पण रोज घ्यायचा. म्हणजे मुंबईत राहायचं, खायचं, आणि माझी मजुरी बुडायची. मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी.

त्याच डॉक्टरांनी आजाराचा दाखला दिला. तालुक्याला खेपा घातल्या आणि सरकारची निराधारांसाठीची दरमहा मनीऑर्डर जनीच्या नावाने सुरू झाली. पोस्टमन दिसला की शेजारची हिराबाय ओरडायची, "जने, तुजा दुसरा नवरा आला गो."

जनी गाल धरून हसायची. "ह्यो बरा हाय. पैसं देतो आन् जेवायला मागत नाय."

मी म्हटलं, गाडीभाड्याची सोय झाली, आता मुंबईला चल. पण आमच्यात रोकड बाईच्या हातात. पुरुष मासळी किनाऱ्याला आणतो, विकते ती, पैसे तिच्या कमरेला. विडीलासुद्धा मी तिच्याकडे मागायचो. हे पैसे तर तिच्याच नावाचे. मागितले तर म्हणाली, "नाय देत."

त्या पैशातून तेल, तांदूळ आले. उरलेल्यातून तिने नायलॉनचं सूत आणवलं. "विणा. सोताचं जाळं असलं तर होडीत वाटा भेटंल. खलाशी म्हणून कवर मरशाल?"

"आन् तुज्या शेकाचं काय?"

"मी गेली की मनीऑर्डर बंद. मंग तुमाला कोण देल?"

दर महिन्याला सूत येत गेलं. मी तिच्या खाटेजवळ बसून विणत गेलो. भांडलो, एकदा सुई फेकून दिली. ती तोंड फिरवून पडून राहिली, जेवेना. पुन्हा विणायला बसलो. जाळं खोलीभर झालं तेव्हा तिला पेजही गिळता येत नव्हती.

परत पालघरला नेलं. डॉक्टर चिडले. "बाई, सरकार हे पैसे तुमच्यासाठी देतंय." तिला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे बोट केलं. मग डॉक्टरांनी मला बाकड्यापाशी नेऊन सांगितलं, "आता शेक देऊन उपयोग नाही." नाकातून नळी घातली, त्यातून दूध. नर्स मायेने करायची. तिथेच जनी गेली. गावात आणून अग्नी दिला.

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना सांगतो. मनीऑर्डर आली म्हणून आमची चूल पेटली, कोणाच्या दारात तांदूळ मागावे लागले नाहीत. खोटं कशाला बोलू? ज्यांनी ती मिळवून दिली त्यांचे उपकार आहेत. पण आजाऱ्याच्या नावाचे पैसे आधी आजाऱ्यावर घालवा. तो नको म्हणाला तर उचलून गाडीत घाला. लोक म्हणतात, किती केलं तिने तुझ्यासाठी. मला अजून तिचा राग येतो.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी उधाणाची मोठी भरती होती, तेव्हाच मासळी जास्त लागते. ते उधाण चुकलं तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दुसऱ्या कोणाचं जाळं होडीत घेणार होता. सुतकात दर्यावर जात नाहीत. मी गेलो. जाळं पहिल्यांदा पाण्यात टाकलं, वर काढलं तर मांदेली भरून आली.

किनाऱ्याला लागलो. बाया आपापल्या नवऱ्याचा माल घेऊन निघाल्या. माझी टोपली वाळूत तशीच. शेवटी मीच डोक्यावर घेतली आणि बाजारात हिराबायच्या शेजारी जाऊन बसलो. गिऱ्हाइकाने विचारलं, "भाव काय?" मला ठाऊक नव्हता. हिराबायने सांगितला. त्याने पैसे पुढे केले. मी घेतले, आणि मूठ मिटून तसाच बसून राहिलो.