कॉम्प्युटरात गेलेला जबडा

वकिलासमोर माणूस विचार करून तोंड उघडतो, पोलिसासमोर उघडतच नाही. आमच्या खुर्चीत मात्र बसल्या बसल्या उघडतो! इतकी वर्षं महाडात दातांचा दवाखाना चालवल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पण ज्यांच्या जबड्याचं हाडच झिजलंय, त्यांनी काय करायचं? दोन हजार सालानंतर त्यांच्यासाठी मुंबईहून दर महिन्याला एक स्पेशालिस्ट लॅपटॉप घेऊन यायला लागले. सीटी स्कॅन कॉम्प्युटरवर चढवायचा आणि उरल्यासुरल्या हाडाच्या मापाची धातूची पट्टी डिझाइन करायची, ती हाडावर बसवून त्यावर दात. महाड एकदम पुढारलं! फक्त स्कॅनला मुंबई गाठावी लागायची, एवढंच.

\*

पहिले पेशंट रिटायर्ड हेडमास्तर. स्क्रीनवर त्यांचा जबडा गोल गोल फिरला.

"सर, हाड फारच कमी उरलंय," स्पेशालिस्ट गंभीरपणे म्हणाले.

"पस्तीस वर्षं याच जबड्याने तोच धडा शिकवलाय. उरलंय हेच नशीब!"

\*

दासगावच्या एका काकांबरोबर त्यांचा मुंबईकर मुलगा आला होता. "सॉफ्टवेअर लेटेस्ट है ना? व्हायरस आला तर? बॅकअप?" काका बिचारे तोंड उघडं ठेवून दमले. शेवटी स्पेशालिस्टनी मुलाला विचारलं, "आपण काय करता?"

"कॉम्प्युटर क्लासला ॲडमिशन घ्यायचीय."

\*

पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या अनुसयाबाई शेळ्या राखायच्या. वरच्या जबड्याचं हाड कागदाएवढं पातळ. कवळी बसायची नाही. नऊ वर्षं नुसती पेज आणि कुस्करलेला भात. सून रखमा त्यांना धरून एसटीने आणायची.

"आजी, तुमचा अख्खा जबडा आता या कॉम्प्युटरात आहे," स्पेशालिस्ट अभिमानाने म्हणाले. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. स्क्रीन काळी!

अंधारातून आवाज आला, "गेला काय माजा जबडा?"

\*

त्याच अनुसयाबाईंचं ऑपरेशन झालं. मी वरवर हसत होतो, पण ती पट्टी धरेल की नाही या काळजीने महिनाभर मलाच जेवण गेलं नव्हतं. पट्टी धरली, दात बसले. स्पेशालिस्ट कॅमेरा आणि सफरचंद घेऊन हजर.

"आजी, चावा! फोटो काढतो."

"सपरचंद कशाला? आजारी हाय काय मी?"

त्यांनी पिशवीतून नाचणीची भाकरी काढली. रखमाने पहाटे भाजलेली. एक तुकडा मोडला आणि चावायला लागल्या. सावकाश. घास गिळला, डोळे भरले. रखमाचेही भरले.

"गो रखमे, नव वर्सं तुज्या भाकरीला न खाताच नावं ठेवली मी."

रखमाने पदर डोळ्यांना लावला. "जाऊ द्या वो, आत्या."

अनुसयाबाईंनी दुसरा तुकडा मोडला, तोही नीट चावून पाहिला आणि म्हणाल्या,

"बरोबर ठेवली!"