दाव्यात गेलेली गाय

गाय पडली तेव्हा मी सेवाग्रामला वॉर्डात ड्युटीवर होते. आईचा फोन आला.

"गाय पडली वं. उठूनच नाई राह्यली. तुये बाबा तिच्यापाशी बसले हायेत, सकायपासून पान्याचा घोट नाई घेतला."

दसऱ्यानंतरचा आठवडा होता. मी सुट्टी टाकली आणि दुपारच्या बसनं गावी निघाले. आमचं गाव नाचणगावच्या थोडं अलीकडे. थोडं शेत, विहीर, आणि बाराही महिने भाजी: वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल पुलगावच्या बाजारात जातो. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. सत्तरी ओलांडली तरी पहाटे वाफ्यात तेच वाकलेले दिसायचे. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात शुगरच्या गोळ्यांची पट्टी.

श्रावणात देवळात पोथी वाचायची ती बाबांनीच. शिकलेले चौथी, पण ओळ वाचून झाली की चष्मा कपाळावर चढवून तिचा अर्थ सांगायचे. गायीच्या अंगात देव राहतात, हे ते असं सांगायचे, जणू शेजारच्या घरात कोण कोण राहतं ते सांगताहेत. आणि मांसाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "मांस खानं म्हंजे दुसऱ्याचं भेव खानं." आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकर गायीची. ही तांबडी गाय आमच्याच गोठ्यात जन्मलेली. दूध आटून कितीतरी वर्षं झाली होती. कोणी विचारलं, कायले ठेवली म्हातारी, तर बाबा म्हणत, "दूध देते तवरच माय असते का?"

मी पोचले तेव्हा ती गोठ्याबाहेर, विहिरीच्या पाटाजवळ पडलेली होती. चिखलात मागचे पाय फाकले होते आणि ती तशीच बसली होती. बाबा तिच्या तोंडाशी कडुलिंबाची फांदी घेऊन माशा हाकत होते. मला बघून म्हणाले, "आली का? बरं झालं. उद्या उठते ते."

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या आठ-दहा जणांनी पोटाखालून पोती सरकवून, बांबू लावून तिला उचललं. पुढचे पाय तिनं टेकले. मागचे नुसते लोंबत राहिले. खाली ठेवताना ती जी ओरडली ते ऐकून बांबू धरलेला एक जण वाफ्याकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. तपासलं, आणि मला फाटकापर्यंत घेऊन गेले.

"खुबा निखळला आहे. बहुतेक हाडही मोडलंय. या वयात ती उठणार नाही."

"किती दिवस काढेल?"

"आठ, दहा, जास्तही. पडून पडून जखमा होतील, अळ्या पडतील. तुम्ही सिस्टर आहात, तुम्हाला काय सांगायचं." मग ते म्हणाले, "इंजेक्शन देऊन सोडवता येतं. बरं न होणाऱ्या जनावरासाठी तशी सोय आहे. पण घरच्यांनी लिहून द्यायला पाहिजे. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

बाबा मागे येऊन उभे होते हे आम्हाला कळलंच नाही.

"आमच्या दारात गाय मारत नाई, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. डॉक्टरांना चहा घेतल्याशिवाय जाऊही दिलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून मी गायीची नर्स झाले. दर दोन-तीन तासांनी चार माणसं बोलावून तिला कुशीवर वळवायचं, जखमा धुवायच्या, मलम भरायचं. वॉर्डात हे मी रोज करते, पण तिथे माणूस सांगतो, इथे दुखतंय. ही फक्त माझ्याकडे बघायची. चौथ्या दिवशी मांडीखालच्या जखमेत अळ्या दिसल्या. मी टर्पेंटाइनचा बोळा घातला तेव्हा तिच्या अंगावरून थरथर गेली, पण ओरडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं चारा तोंडात घेतला नाही. मग बाबांनीही ताट सरकवलं.

"ते नाई खात, त मी कसा खाऊ?"

"तुमाले शुगर हाये बाबा. गोया घेता आन जेवत नाई, पडसान कुठंतरी."

"पडलो त पडलो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमी मले मटनाचं पानी पाजलं होतं. तवा पाप नव्हतं का?"

हा विषय घरात कधीच निघाला नव्हता. मी नऊ वर्षांची असताना ताप महिनोन्‌महिने हटला नव्हता, हाडं मोजता येत होती. डॉक्टरांनी अंडी आणि मटणाचं पाणी द्यायला सांगितलं. आई रडत बसली. बाबा माळ घातलेले, पण तेच सायकलवर पुलगावला गेले, डब्यात मटण घेऊन आले. कुंपणापलीकडे तीन दगड मांडून स्वतः शिजवलं, कारण आईचा हात लागेना. वाटी माझ्या तोंडाला लावून म्हणाले होते, "पी. पाप मायाकडं." मग विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतलं. आठवड्यातून दोनदा, तीन महिने. त्या वासानं त्यांना उलटी व्हायची, ते मी अंथरुणातून ऐकलेलं आहे.

बाबांनी हातातली फांदी खाली ठेवली.

"तवा जीव वाचवाचा होता," ते म्हणाले. "इथं घ्याचा हाये. दोन्ही एक नाई, बाई."

मी त्यांचं ताट उचलून आत नेलं.

पाचव्या दिवशी मी देवळातल्या कीर्तनकार महाराजांकडे गेले. बाबा त्यांना मानतात. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. मी सगळं सांगितलं: अळ्या, वास, गायीचं न खाणं, बाबांचं न खाणं. त्यांना म्हटलं, तुम्ही एक शब्द सांगा, बाबा ऐकतील.

महाराज डोळे पुसत म्हणाले, "पोथीत मारू नको असं हाये. सडू दे, असं कुठं हाये ते मले त दिसलं नाई. पन मार, असं माया तोंडून निघनार नाई, पोरी. मी मरासाठी बसलो आता. हे वझं मायावर नको टाकू."

"मंग मी काय करू?"

"तिच्या कानात नाव घे देवाचं."

मी घेतलं. तिच्या कानाशी बसून जेवढी नावं येत होती तेवढी घेतली. नाव घेताना मी मनात म्हणत होते, मर, आता मर, माझ्यावर एवढी दया कर. ती श्वास घेत राहिली.

सहाव्या दिवशी दहाच्या सुमारास बाबा पाटावर पाणी आणायला उठले आणि तसेच वाफ्यात कोसळले. अंग घामानं थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे. मी साखरेचं पाणी ओठांतून सोडलं. शेजाऱ्याच्या ऑटोतून आई त्यांना पुलगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी गेले नाही. गायीला वळवायला कोणीतरी हवं, असं आईला सांगितलं. तासाभरानं तिचा फोन आला, "सलाईन लावली. बोलून राह्यले आता. सांजेलोक सोडतो म्हनतेत."

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

ते आले. कागद त्यांनीच लिहिला आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. वाचून झाल्या झाल्या मी सही केली. वॉर्डात नातेवाईक सही करताना थांबतात, पेन बघतात, पुन्हा वाचतात. मी त्यांना मनात घाई करत आलेली आहे. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर झालंच नसतं.

दोन इंजेक्शनं दिली. पहिल्यानं ती झोपली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दुसरं दिल्यावर तिचा एक लांब श्वास बाहेर आला, आणि पुढचा आलाच नाही. कावळे समोरच्या शेवग्यावर बसलेले होते. मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण रडू आलं नाही, भीती वाटली नाही, नुसतं हायसं वाटलं.

बाबा उन्हं कलायच्या आत परत आले. ऑटोतून उतरले ते सरळ पाटाकडे. गाय बघितली, मग मला बघितलं.

"कवा?"

"दुपारी. मी बलावलं डॉक्टरले. मीच सही केली."

मला वाटलं ते मारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते तिच्याजवळ बसले, मानेवरून हात फिरवला आणि हात एका जागी थांबला.

"दावं काऊन नाई काढलं वं?"

गळ्यात दावं असताना गाय मेली, तर ते मरण धन्यावर येतं, गोहत्या म्हणून. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. गाय आता जाते असं दिसलं की म्हातारी माणसं आधी दावं सोडायची. वॉर्डात जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या बांगड्या, गळ्यातला धागा काढून घरच्यांच्या ओंजळीत देणारी मी, मला त्या दोन हाताच्या दोरीची आठवण झाली नाही.

बाबांनी दावं सोडलं. दुसऱ्या दिवशी बांधावर जेसीबीनं खड्डा केला, मीठ टाकून गायीला पुरलं. माती सारखी झाल्यावर बाबांनी ते दावं स्वतःच्या गळ्यात घातलं.

असं प्रायश्चित्त पूर्वी करत, एवढंच आम्ही ऐकलं होतं. गळ्यात दावं बांधायचं, अनवाणी गावोगाव फिरायचं, माणसाच्या भाषेत बोलायचं नाही. दारात उभं राहून गायीसारखं हंबरायचं आणि मिळेल ते खायचं. आमच्या गावात कोणी केलेलं जिवंत माणसानं पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, माझं आहे ते, मला घालू द्या दावं. ते बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं सुरू झालेलं होतं.

अकरा दिवस ते फिरले. आई त्यांच्या मागे वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून चालायची, हातात पाण्याची बाटली आणि गोळ्या. एकदा मी स्कुटीनं नाचणगावला गेले तेव्हा ते एका घरासमोर उभे दिसले. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं. दार बंद होतं. त्यांनी मान वर केली आणि हंबरले. आवाज हुबेहूब होता, पाटाजवळ पडलेली ती पहिल्या दोन-तीन दिवसांत जशी हंबरायची तसा. आतून एक बाई आली, दचकली, मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या झोळीत भाकर टाकून दुरूनच हात जोडले. मी पानठेल्याच्या आडोशाला उभी होते. मला त्यांच्यापुढे जाता आलं नाही.

बाराव्या दिवशी पुलगावला वर्धेच्या पात्रात आंघोळ करून त्यांनी दावं पाण्यात सोडलं. घरी येऊन पहिलं वाक्य आईशी बोलले, "वांग्याले पानी दिलं का?"

तळपायाला काटा रुतल्याचं त्यांनी सांगितलंच नाही. शुगरच्या माणसाला ती जखम कळतही नाही. आईनं वास आल्यावर बघितलं. तोवर पाय काळा पडत चालला होता. सेवाग्रामला आणलं, दोन बोटं काढावी लागली. माझ्याच मजल्यावर ते वीस दिवस होते. रोजचं ड्रेसिंग मी केलं. ते छताकडे बघत पडायचे. मी विचारायचे, दुखते का बाबा? ते म्हणायचे, नाई.

एकदा गावचे दोघं भेटायला आले. बोलता बोलता एकानं विचारलं, "पन काका, इंजेक्शनाची परवानगी देल्ली कोनं? लोक पोरीचं नाव घेऊन राह्यले."

मी पायाशी पट्टी गुंडाळत होते.

"मीच देल्ली," बाबा म्हणाले. "दवाखान्यातून फोन करून. पोरीनं मायं आयकलं फक्त."

आयुष्यात खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, असं कायले सांगतलं?" त्यांनी कूस बदलली. "पट्टी ढिली झाली," एवढंच म्हणाले. ढिली नव्हती, तरी मी ती सोडून पुन्हा बांधली.

याला दोन वर्षं झाली. गावात सगळे तेच धरून चालतात. बाबा श्रावणात पोथीला बसत नाहीत. महाराजांनी निरोप पाठवला, प्रायश्चित्त झालं, आता ये. तरी गेले नाहीत. माझ्याशी बोलतात, भाजीचं, पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं. गायीचं नाही. गोठा रिकामा आहे, तिथे आता फवारणीचा पंप असतो.

दाव्याचं मला वाईट वाटतं, त्यांच्या बोटांचं तर रोज वाटतं. पण पाटाजवळचा तो श्वास थांबवला याचं मला अजून वाईट वाटत नाही. कितीदा घरी जाते, त्यांच्याशेजारी बसून पालक निवडते, आणि हे त्यांना सांगायचं म्हणून तोंड उघडते. मग पाणी आणू का विचारते आणि उठते.