खटखटा लाडू आणि दोनदा भाजलेलं बिस्किट

दुबईत मुलाकडे राहायला आल्यापासून संध्याकाळी नातीला खाली खेळायला नेणं हे माझं काम. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरखाली घसरगुंडी, झोपाळे आणि बाकं आहेत. बाकांवर बहुतेक मुलं सांभाळणाऱ्या मेड बसतात. माझ्याही खांद्याला नातीची बॅग, हातात पाण्याची बाटली, अंगावर सुती साडी. एकदा एका बाईने विचारलंच, "कौनसे फ्लॅट में काम करती हो?" मी लाजून नुसती हसले. 'मी आजी आहे' एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. घरी येऊन कणीक मात्र जरा जास्तच जोरात मळली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक इटालियन म्हातारी बसायची. तिचा नातूही झोपाळ्यावर असायचा. वयाने माझ्याएवढीच असेल, पण डोळ्यांवर गॉगल आणि ओठांना लाली. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. दिवसभर बंद घरात बसून आल्यावर मला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

एक दिवस तिने कागदी रुमालातून मला एक बिस्किट काढून दिलं. लांबट, तिरकं कापलेलं, आत बदाम. मी चावलं, तर कट्ट आवाज आला. बिस्किट तुटलं की दाढ, ते क्षणभर कळेना. दाढच हलली होती. बिस्किटाला काही झालं नव्हतं.

म्हणजे शिळं! घरातलं वाळकं-सुकं कुणाच्या हातावर ठेवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. हीसुद्धा मला मेडच समजत होती तर! मी तोंडदेखलं हसले आणि बिस्किट पदराआड लपवलं.

घरी सुनेला दाखवलं. ती लॅपटॉपपुढे कानाला हेडफोन लावून बसली होती. "आई, शिळं असेल तर टाकून द्या ना. खलास!" झालं, माझी खात्रीच पटली.

आमच्याकडे गावाहून आलेले खटखटे लाडू होते. मालवणकडचे हे लाडू, शेव गुळात घालून वळलेले, मुळातच कडक. त्यात हे डब्यात बरेच दिवस पडून होते. मुलगा म्हणायचा, "आई, ह्याने भिंतीत खिळा ठोकता येईल." दुसऱ्या दिवशी खाली जाताना मी त्यातला सगळ्यात टणक निवडला आणि तिच्यासारखाच कागदी रुमालात गुंडाळला. मला भांडता येत नाही, पण लाडू देता येतो.

"आजी, इज दॅट फॉर हर?" नातीने विचारलं. "शी विल ब्रेक हर टीथ!"

"गप. खेळायला जा."

म्हातारीने लाडू हातात घेतला. बाकावर आपटून पाहिला. खट्. पुन्हा खट्. तिचा चेहरा असा खुलला की मी नजरच फिरवली. मग तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, अख्खा लाडू त्यात सोडला आणि वाट बघत बसली. मीही चोरून बघत होते. थोड्या वेळाने तिने लाडू काढून चावा घेतला, डोळे मिटले आणि मला तिच्या भाषेत बरंच काही सांगितलं. मग माझ्या नातीला हाक मारून मोडक्या इंग्रजीत समजावलं.

"आजी, शी बेक्स इट टू टाइम्स," नात म्हणाली. "फर्स्ट लाइक ब्रेड, देन कट, देन अगेन. इट्स सपोज्ड टू बी हार्ड! शी मेड इट फॉर यू."

माझ्यासाठी! आणि मी तिला दात पाडायला लाडू दिला होता.

तिने नवं बिस्किट माझ्या हातात ठेवलं आणि तोच कप पुढे केला. काठाला तिच्या ओठांची लाली, वर माझ्या लाडवाची शेव तरंगतेय. आता पंचाईत माझी. परक्याच्या उष्ट्या पेल्याला मी जन्मात शिवले नव्हते. हिने मला बरोबरीची मानलं नाही म्हणून कालपासून मी फुगले होते, आणि आता ती मानत होती तर मीच मागे सरकत होते. म्हातारी कप धरून थांबली होती. तिचा हात दुखायला लागला असणार.

बुडवलं. आपलं नेहमीचं बिस्किट असतं तर एव्हाना तळाला गेलं असतं. हे हातात शाबूत राहिलं आणि तोंडात मऊ झालं. कॉफी काढ्यासारखी कडू, पण बिस्किटाच्या गोडीत ती खपून गेली. म्हातारी माझ्या तोंडाकडेच बघत होती. मी मान डोलावल्यावर तिने टाळी वाजवली.

तेवढ्यात फोन वाजला. सून वर बाल्कनीत उभी होती.

"आई, तुम्ही त्यांच्या कपात बुडवून खाताय?"

"हो."

"अहो, पण कोण आहेत त्या?"

"मैत्रीण आहे माझी," मी म्हटलं, आणि शेजारच्या बाकावरच्या बाया वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हटलं. "ठेव आता. बिस्किट कपात आहे."